रोजचं अर्धं पान

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' हा ग्रंथ एखाद्या मोठ्या ग्रंथालयात गेलात तर कपाटातून काढून जरूर पाहा. पाच खंड, त्यांतले काही दोन-दोन भागांत, आणि सगळी मिळून साडेसहा हजारांच्या आसपास पानं. पहिला खंड पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३० साली प्रसिद्ध केला, शेवटचा १९६२ साली. काण्यांचा जन्म १८८० चा. पहिला खंड छापून आला तेव्हा ते पन्नाशीत होते आणि शेवटचा हाती पडला तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं.

या ग्रंथाची सुरुवात अगदी साधी आहे. नीलकंठाच्या 'व्यवहारमयूख' या संस्कृत ग्रंथाची संपादित आवृत्ती काणे तयार करत होते. ती १९२६ साली निघाली. तिला धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना जोडावी, एवढाच बेत होता. प्रस्तावना वाढत गेली आणि तिचा आवाका पाहून ती वेगळी काढावी लागली. तेव्हा काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत होते. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राज्यसभेवर गेले. पोटातल्या अल्सरने त्यांना वर्षानुवर्षं छळलं. नुसतं ग्रंथ लिहायला बसलेला, बाकी कसलीही जबाबदारी नसलेला असा हा माणूस नव्हता.

आता साधा हिशेब करू. १९३० ते १९६२ ही ३२ वर्षं. साडेसहा हजार पानांना ३२ ने भागलं तर वर्षाला दोनशे पानं पडतात, आणि दिवसाला अर्ध्या पानाहून थोडंसं जास्त. काम १९३० च्या बरंच आधी सुरू झालं होतं हे धरलं तर अर्ध्या पानाहूनही कमी. हे अर्धं पान सोपं मात्र नाही. खाली तळटीपा, प्रत्येक विधानामागे मूळ संस्कृत वचन, आणि ते कुठल्या स्मृतीत, कुठल्या टीकेत आहे याचा दाखला. पण रोजचं म्हणाल तर तेवढंच.

मोठं काम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोकळा वेळ येतो. लांबलचक सुट्टी, शांत खोली, निवृत्तीनंतरची निवांत वर्षं. 'जरा सवड मिळाली की' या एका वाक्यावर किती पेट्या धूळ खात पडल्या असतील आणि किती अर्धवट भाषांतरं खणात राहिली असतील! काण्यांना सवड कधीच मिळाली नाही. त्यांच्या कामाला दिवसात एक ठरलेली जागा होती आणि ती त्यांनी सोडली नाही, इतकंच त्या कपाटातल्या खंडांकडे पाहून दिसतं. असं सातत्य कसं बनतं, त्यात मेंदूचा वाटा किती आणि निश्चयाचा किती, याबद्दल गेल्या तीस-चाळीस वर्षांत बरंच कळलं आहे. त्यातलं काही सर्वसामान्य समजुतीच्या अगदी उलट आहे.

पहिली समजूत निश्चयाबद्दलची. चांगल्या सवयी असलेला माणूस मनाचा खंबीर असतो, रोज स्वतःशी झगडून उठतो, असं आपण मानतो. वेंडी वुड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांना दर तासाला इशारा मिळे आणि त्या क्षणी आपण काय करतो आहोत, मनात काय चाललं आहे, हे ते टिपून ठेवत. नोंदवलेल्या कृतींपैकी सुमारे ४३ टक्के कृती जवळजवळ रोजच्या आणि बहुतेक वेळा त्याच ठिकाणी होणाऱ्या निघाल्या. त्या करताना मन बहुधा दुसरीकडेच असे. म्हणजे दिवसाचा फार मोठा भाग आपण ठरवून जगतच नाही. तो आपोआप होतो, आणि जे आपोआप होतं त्याला निश्चय लागत नाही. सकाळी दात घासायला कोण स्वतःशी झगडतं?

याच वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला पॉपकॉर्नचा प्रयोग मला फार बोलका वाटतो. चित्रपटगृहात आलेल्या लोकांना पॉपकॉर्न दिले. काहींना ताजे, काहींना चक्क सात दिवसांचे शिळे. ज्यांना चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खाण्याची जुनी सवय होती, त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले. चव आवडली नाही असं स्वतः सांगूनही खाल्ले. ज्यांना तशी सवय नव्हती त्यांनी शिळ्याला फारसा हात लावला नाही. मग हाच प्रयोग सभेच्या साध्या खोलीत केला. तिथे सवयीची माणसंही शिळे पॉपकॉर्न बाजूला सारू लागली. आणि पुन्हा चित्रपटगृहात, पण या वेळी नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितलं, तेव्हाही शिळं शिळं लागलं आणि खाणं कमी झालं.

पडद्यासमोरची अंधारी खुर्ची आणि नेहमीचा हात, या दोन गोष्टींनी माणसाला शिळं खायला लावलं. भूक नव्हती, आवड नव्हती, फक्त जागा होती. म्हणूनच सवय लावायची असेल तर मनाकडे पाहण्याआधी खोलीकडे पाहावं, असं मी आग्रहाने म्हणेन. पुस्तक कपाटात आणि मोबाइल उशाशी असेल तर रात्री हात कुठे जाणार, हे ठरलेलंच आहे. चालायला जायचे बूट माळ्यावर आणि टीव्हीचा रिमोट टीपॉयवर असेल तर संध्याकाळ कशी जाणार, हेही.

हे मेंदूत नेमकं कसं घडतं ते पाहायला उंदरांकडे जावं लागतं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत अॅन ग्रेबिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराच्या वाटेवर धावायला शिकवलं. दार उघडे, उंदीर निघे, आवाजाच्या खुणेवरून तो डावीकडे किंवा उजवीकडे वळे आणि टोकाला चॉकलेट मिळे. मेंदूत खोलवर असलेल्या बेसल गँग्लिया नावाच्या भागातल्या पेशींची हालचाल संशोधक मोजत होते. सुरुवातीला या पेशी संपूर्ण धावेत सक्रिय असत. उंदीर सरावला तसं चित्र बदललं: पेशींची गडबड धाव सुरू होताना आणि संपताना दिसू लागली, मधल्या वाटेवर शांतता. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचा अर्थ असा, की सरावलेल्या कृतीची मेंदू एक पुडी बांधतो. पुडीला दोन टोकं असतात, सुरुवात आणि शेवट. सुरुवातीची खूण दिसली की बाकीचं आपसूक उलगडतं.

म्हणून नव्या सवयीला सर्वांत आधी सुरुवातीची एक पक्की खूण हवी. 'सकाळी' ही खूण होत नाही, ती फार पसरट आहे. 'चहाचा कप बेसिनमध्ये ठेवला की' ही खूण झाली. 'देवापुढे दिवा लावला की', 'लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली की', 'मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवलं की', याही चालतील. रोज होणारी, वेळेवर होणारी, आणि जिला आठवण ठेवावी लागत नाही अशी कुठलीही घटना.

सवय लागायला किती दिवस लागतात? एकवीस, असं उत्तर सर्वत्र मिळतं. शिबिरांत मिळतं, व्हॉट्सअॅपवर मिळतं, शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात मिळतं. या आकड्याचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात सापडतो. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान सुमारे एकवीस दिवस लागतात, असं त्यांना दिसलं होतं. त्यातला 'किमान' गळून पडला, चेहराही गळून पडला आणि आकडा तेवढा उरला.

प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी केलं. ते २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झालं. ९६ जणांनी एकेक सवय निवडली. कोणी जेवणासोबत पाण्याचा ग्लास, कोणी फळ, कोणी व्यायाम. प्रत्येकाने ती दिवसातल्या एका ठरलेल्या घटनेला जोडली आणि ८४ दिवस रोज नोंद केली: आज हे किती आपोआप झालं? कृती सहज होऊ लागेपर्यंतचा काळ माणसागणिक फार वेगळा निघाला. सर्वांत कमी १८ दिवस, सर्वांत जास्त, आलेखाच्या अंदाजाने, २५४ दिवस. मधला आकडा ६६. पाणी पिणं लवकर जमलं, व्यायामाला जास्त दिवस लागले.

या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला ६६ या आकड्यापेक्षा मोलाची वाटते. एखादा दिवस चुकला तर सवय पक्की होण्याच्या वाटचालीत फारसा फरक पडत नव्हता. आपल्याकडे खाडा झाला की सगळं मोडलं अशी भावना फार. नेम तुटला, आता पुढच्या पाडव्याला बघू. एकवीस दिवसांच्या समजुतीने या भावनेला आणखी खतपाणी घातलं: बाविसाव्या दिवशीही जड वाटलं की माणूस स्वतःलाच नालायक ठरवून मोकळा होतो. खरं तर तो वाटेच्या पहिल्या तृतीयांशातच असतो. त्याला कोणीतरी एवढंच सांगायला हवं होतं, की अजून दीड महिना हे जडच वाटणार आहे आणि त्यात तुझा काही दोष नाही.

इथवर सगळं सवयीच्या बाजूने झालं. पण सवयीला एक मर्यादा आहे आणि सवयींवरच्या बहुतेक पुस्तकांत तिच्याकडे दुर्लक्ष होतं. सवय म्हणजे लक्ष न देता होणारी कृती, आणि माणूस वाढतो तो लक्ष देऊन केलेल्या कामाने. मग या दोघांचं जमतं कसं?

याचं उत्तर आपल्याकडच्या गायकांच्या घरात फार पूर्वीपासून आहे. पहाटेच्या रियाजाला बसलेला गायक आधी तंबोरा लावतो. पहिली तार पंचमाची. ज्या रागात पंचम नाही तिथे मध्यमाची. मधल्या जोडीच्या दोन तारा षड्जाच्या, चौथी पितळेची खर्जाची. खुंट्या पिळून तार स्वराच्या जवळ आणायची, मग घोडीच्या खालच्या बाजूचे मणी किंचित सरकवून उरलेला फरक काढायचा. घोडीवर तारेखाली सुताचा धागा असतो. तो केसभर पुढे-मागे केला की जवारी खुलते आणि तार नुसती वाजण्याऐवजी गुंजू लागते. नवख्याला या सगळ्यात बराच वेळ जातो. जाणत्यालाही घाई चालत नाही, कारण जोडीच्या दोन तारांतला सूक्ष्म फरक ऐकू येईपर्यंत कान स्थिर व्हावा लागतो.

या सगळ्यात बसणं, आसन, तंबोऱ्याची गवसणी काढणं हा भाग सवयीचा आहे. तो रोज त्याच क्रमाने, त्याच कोपऱ्यात होतो आणि त्याला विचार लागत नाही. पण तार लावायला लागलं की सवय संपते आणि कान कामाला लागतो. मग खर्जाचा रियाज: मंद्र षड्ज लावायचा, श्वास पुरेल तेवढा टिकवायचा, आणि तो तंबोऱ्यात मिसळतो आहे की त्याच्या शेजारून वाहतो आहे हे ऐकत राहायचं. मन भटकलं, दूधवाल्याच्या हिशेबात गेलं, तरी गळा चालूच राहतो, पलटे होत राहतात आणि तासभर रियाज झाल्यासारखा वाटतो. गुरू समोर असेल तर तिथल्या तिथे टोकतो. एकट्याने बसणाऱ्याला स्वतःलाच टोकावं लागतं.

माझं म्हणणं थोडक्यात हे, की सवय माणसाला बैठकीपर्यंत आणून सोडते. तिथून पुढचं काम जागं राहूनच करावं लागतं. ज्याने बैठकीपर्यंत पोहोचणंही रोज निश्चयावर सोडलं, त्याचं सगळं बळ दारातच खर्च होतं. आणि ज्याने बैठकीनंतरचं कामही सवयीवर सोडलं, तो वीस वर्षं रोज पेटी वाजवूनही पहिल्या वर्षी होता तिथेच राहतो. दोन्ही प्रकारची माणसं आपल्या ओळखीत असतात.

बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. पुढे त्यातून 'दहा हजार तासांचा नियम' लोकप्रिय झाला. तासांचा तो आकडा म्हणजे एक सरासरी होती, नियम नव्हे, असं एरिक्सन यांनी स्वतःच नंतर सांगितलं. मूळ अभ्यास मात्र वाचण्यासारखा आहे. अकादमीतले वरच्या दोन गटांतले विद्यार्थी आठवड्याला सरासरी चोवीस तासांहून थोडा अधिक वेळ एकट्याने सराव करत. संगीतशिक्षक होण्यासाठी आलेले विद्यार्थी नऊ तासांच्या आसपास. वरच्या गटांतली मुलं दिवसभर सलग वाजवत नसत. एका बैठकीत साधारण तास-दीड तास, मग विश्रांती. सरावाची आवडती वेळ सकाळ सरता सरताची. ती झोपही जास्त घेत, दुपारी डुलकीसुद्धा काढत. खरं लक्ष देऊन केलेलं काम थकवतं आणि थकवा भरून काढल्याशिवाय ते दुसऱ्या दिवशी होत नाही. झोप कापून वेळ काढण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो मला म्हणूनच घातक वाटतो, विशेषतः स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या मुलांसाठी.

एका बैठकीत किती करावं, यावर ब्रिटनमधल्या टपाल कर्मचाऱ्यांचा एक प्रयोग आहे. पिनकोडसारखी सांकेतिक क्रमांकांची पद्धत तिथे येत होती आणि पत्रं छाटणाऱ्या कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवायचं होतं. अॅलन बॅडली आणि लाँगमन यांनी त्यांचे चार गट केले. एका गटाला दिवसातून एकदा एक तास, दुसऱ्याला एकदाच दोन तास, तिसऱ्याला दोन वेळा एकेक तास आणि चौथ्याला दोन वेळा दोन-दोन तास. १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोज एकच तास शिकणाऱ्यांना कळफलक आत्मसात करायला सर्वांत कमी तास लागले, चार तासवाल्यांना सर्वांत जास्त. तासाला तास मोजला तर थोडं-थोडं शिकणारे सरळ पुढे होते. पण आपल्या शिक्षणाबद्दल सर्वांत असमाधानी कोण होतं, तर हेच एक तासवाले. कारण बाकीचे त्यांच्या आधी, कमी दिवसांत, शिकून मोकळे होत होते.

थोडं-थोडं करणाऱ्याला आपण मागे पडतो आहोत असंच वाटत राहतं, हे त्या प्रयोगाने फार स्पष्ट दाखवलं. हे वाटणं खोटं असतं, पण त्याला तोंड द्यावं लागतं. नोंदवही उपयोगी पडते ती इथे. आज काय केलं याची तारखेसह एक ओळ पुरते. तीन महिन्यांनी मागची पानं उलटली की अंतर दिसतं, जे रोजच्या रोज दिसत नाही.

वेळेच्या अंदाजाबद्दल आपण किती भोळे असतो, याचा एक नमुना कॅनडातला. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत पुरा कराल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळं वाईटात वाईट घडलं तर? ४९ च्या आसपास. प्रत्यक्षात लागले ५५ हून अधिक. काम किती मोठं आहे हे आपल्याला कळतं. मध्ये येणारी पाहुणेमंडळी, ताप, पाणी न आलेला दिवस, सासरचं लग्न हे मात्र अंदाजात धरलं जात नाही. म्हणून 'इतक्या दिवसांत पुरं करीन' या नियोजनापेक्षा 'अमुक वेळी अमुक जागी बसेन' हे नियोजन जास्त टिकतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९७ साली सहकारी वेरोनिका ब्रँडस्टेटर यांच्यासोबत याची सुंदर परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांना सांगितलं, नाताळची संध्याकाळ तुम्ही कशी घालवली, ते दोन दिवसांच्या आत लिहून पाठवा. सणासुदीत असं लिखाण करणं किती अवघड, हे दिवाळीच्या सुट्टीतला अभ्यास आठवला की कळतं. अर्ध्या जणांकडून आधीच लिहून घेतलं होतं, की नेमकं कधी आणि कुठे बसून लिहिणार. त्यांच्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश जणांनी ते वेळेत पाठवलं. बाकीच्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांनीच. लिहायची इच्छा दोन्ही गटांत होती.

जुनी, नको असलेली सवय जाते कशी, हा प्रश्न इथे कोणीही विचारेल. ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांचं चॉकलेट पुढे बंद केलं गेलं, तेव्हा मेंदूतली ती सरावाची नक्षी विरली. चॉकलेट पुन्हा आलं तशी नक्षीही परतली. जुनी सवय पुसली जात नाही, ती नुसती झोपते. दहा वर्षांपूर्वी सिगारेट सोडलेला माणूस ऑफिसखालच्या त्याच टपरीवर, त्याच मित्रांसोबत, कटिंग हातात घेऊन उभा राहिला की त्याचा हात आजही खिशाकडे जातो. त्याची इच्छाशक्ती कमकुवत आहे असं मुळीच नाही. खूण समोर आली आहे, एवढंच. त्याला सोपा उपाय म्हणजे चहाची जागा बदलणं. नवं गाव, नवी नोकरी, नवं घर मिळालेल्या माणसाने पहिल्या आठवड्यातच हव्या त्या सवयी बसवून घ्याव्यात, कारण तेव्हा जुन्या खुणा आजूबाजूला नसतात.

मोबाइलबद्दल एकच मुद्दा मांडतो. सरावाच्या कृतीला शेवटाची खूणही असते, हे आपण वर पाहिलं. वर्तमानपत्राला शेवटचं पान होतं, मालिकेचा भाग संपायचा. बोटाने वर सरकवत राहायच्या पडद्याला तळच नाही. म्हणून 'दहा मिनिटं बघतो' म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला थांबायची जागा सापडत नाही. ती बाहेरून द्यावी लागते. कुकरची शिट्टी, स्टेशन, जेवणाचं ताट, काहीही चालेल.

आता ज्या प्रश्नावरून वेळेच्या नियोजनाचे बहुतेक सल्ले अलगद सरकून जातात, त्याकडे येतो. वेळ कोणाचा?

काण्यांच्याच वर्षी, १८८० साली, जळगावजवळच्या आसोद्याला बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्या शाळेत गेल्या नाहीत, त्यांना लिहिता येत नव्हतं. शेत, जातं, चूल, गोठा यांच्या कामातच त्यांनी गाणी रचली. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या मंडळींनी त्यातली काही उतरवून घेतली, ती वाचली, बाकीची गेली. बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर, १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटे, घर उठायच्या आत, दळायला बसलेल्या बायांची ती रचना. जातं ही त्यांची खूण होती आणि ती वेळ तेवढीच त्यांची होती, तीसुद्धा हात कामात गुंतलेले असताना. किती अफाट शक्ती पहाटेच्या त्या वेळात दाबून बसवलेली होती, हे त्या लाखभर ओव्यांवरून कळतं, आणि वाईटही वाटतं.

जातं गेलं, पण हिशेब फारसा बदलला नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्यांपैकी स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं होता, पुरुषांचा ८८. शिवाय असं काम करणाऱ्या स्त्रिया दर पाचांत चार, आणि पुरुष दर चारांत साधारण एक. २०१९ च्या सर्वेक्षणात हे आकडे २९९ आणि ९७ मिनिटं होते. अशा घरातल्या बाईला 'पहाटे पाचला उठून स्वतःसाठी वेळ काढा' असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. ती पाचला उठतेच, डब्यांसाठी.

तिला संध्याकाळचा अर्धा तास हवा असेल, मग तो संस्कृत शिकायला असो, विभागीय परीक्षेच्या अभ्यासाला असो की नुसतं वाचायला, तर घरात दुसऱ्या कोणाची तरी सवय आधी बदलावी लागेल. आणि त्या दुसऱ्यालाही वर सांगितलेलं सगळं जसंच्या तसं लागू आहे. 'काही लागलं तर सांग, मदत करीन' या वाक्यात ना वेळ आहे ना जागा. ते नाताळच्या प्रयोगातल्या दुसऱ्या गटासारखं हवेत राहतं. 'सोमवार ते शुक्रवार, साडेसातच्या बातम्या लागल्या की भाजी चिरणं, कणीक मळणं आणि मुलांचा गृहपाठ माझ्याकडे', असं नवऱ्याने किंवा मोठ्या मुलाने ठरवलं, तर तो नेम बसू शकतो. तिने तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत दार लावून बसावं. पहिले दोन महिने भाजी करपेल, कणीक सैल होईल, पाढे चुकीचे पाठ होतील. तरी तिने उठून हात लावू नये, कारण स्वयंपाकघरात उभं राहणाऱ्यालाही ती कामं सहज व्हायला तेवढेच दिवस लागणार आहेत.